जुन्या काळातली बैठक घरात आणायचीय? आधी दिवे खाली आणा

मिडसेंच्युरी डेकॉर, म्हणजे पन्नास-साठच्या दशकातल्या धाटणीची सजावट, म्हटलं की बहुतेक जण सगळ्यात आधी ते सूर्यकिरणांसारखं काड्याकाड्यांचं घड्याळ शोधायला लागतात. मीही तेच केलं. घड्याळ आलं, खिळा ठोकला, लावलं, दोन पावलं मागे जाऊन बघितलं तर खोली होती तशीच, फक्त आता तिच्यात एक विचित्र घड्याळ होतं.

मग पन्नास-साठच्या दशकातल्या घरांचे जुने फोटो काढून बसले आणि नुसत्या वस्तू न बघता त्या कुठे ठेवल्यात ते बघितलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की या खोल्यांमध्ये सगळंच खाली आहे. सोफा खाली, टेबल खाली, कपाट कमरेइतकं, दिवा खांद्याच्या आसपास, चित्रंसुद्धा आपण लावतो त्यापेक्षा वीतभर खाली. ती खोली उभ्या माणसासाठी केलेलीच नाहीये, बसलेल्या माणसासाठी केलीय. हे एकदा कळलं की अर्धं काम वस्तू विकत न घेताच होतं, म्हणून खालच्या पायऱ्याही मी त्याच क्रमाने लिहितेय, खरेदी बरीच नंतर येते.

पायरी १: आधी साल ठरवा

मिडसेंच्युरी म्हणजे ढोबळमानाने १९४५ ते १९७० च्या आसपासचा काळ. त्या काळातल्या लोकांना आपण मिडसेंच्युरी घरात राहतोय हे माहीतच नव्हतं बरं का, हे नाव रूढ झालं १९८० च्या दशकात. पण पंचवीस वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. १९५५ च्या अमेरिकन घरात फिकट गुलाबी, पुदिन्याचा हिरवा, टर्क्वाईज असले रंग होते (गुलाबीची तर तेव्हा लाटच होती, आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष असताना त्यांच्या पत्नी मेमी यांच्या आवडीचा रंग म्हणून). मोहरी पिवळा, अॅव्होकॅडो हिरवा आणि तपकिरीचा जोर आला तो साठचं दशक संपता संपता. नवीन माणूस हे सगळं एका खोलीत कोंबतो आणि मग खोली फॅन्सी ड्रेसला आल्यासारखी दिसते.

म्हणून एक साल धरा. माझं १९५८ आहे. नियम असा की त्या सालानंतरची ठळक वस्तू शक्यतो नको, पण आधीची चालेल, उलट हवीच. कारण १९५८ मधल्या खऱ्याखुऱ्या घरात सगळं १९५८ चं कुठे होतं? आईकडून आलेलं तीसच्या दशकातलं कपाट असायचं, लग्नातली जड खुर्ची असायची, आणि त्यांच्या शेजारी एखादी कोरी करकरीत मॉडर्न लॅम्पशेड. सगळं एकाच कॅटलॉगमधलं असलं की शोरूम वाटते. एखादी बेंगरूळ जुनी वस्तू मुद्दाम ठेवा, खोली लगेच खरी वाटायला लागते.

कुठल्या चवीचं हवं तेही साधारण ठरवून टाका. स्कँडिनेव्हियन म्हणजे सागवान, गोलसर कडा, कापडी किंवा विणलेली सीट. डॅनिश डिझायनर हान्स वेगनरची विशबोन खुर्ची आठवा, १९४९ ची, तिची सीट साधारण १२० मीटर कागदी दोरी हाताने विणून होते. अमेरिकन म्हणजे वाकवलेलं प्लायवुड, फायबरग्लास, अॅल्युमिनियम, चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर जोडप्याची लाऊंज चेअर १९५६ ची. तिसरी चव डायनरवाली, म्हणजे जुन्या अमेरिकन खानावळीसारखी, क्रोमच्या पट्ट्या, लाल रेक्झीन, बूमरँगच्या नक्षीचं लॅमिनेट. पहिल्या दोन एकमेकींत छान मिसळतात. तिसरी स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात ठेवली तर मजा येते, पूर्ण हॉलभर केली तर दोन महिन्यांत डोळे दुखतात, हे माझं मत आहे, भांडू नका.

पायरी २: जमीन दिसू द्या

एक कोपरा निवडा, सगळं घर नाही. दोन खुर्च्या, एक टेबल, एक दिवा आणि एक बुटकं कपाट मावेल एवढी जागा खूप झाली. तिथलं सगळं बाहेर काढा आणि मग जमिनीला टेकलेलं काही परत ठेवायचं नाही असं ठरवा.

या काळातलं फर्निचर ओळखायची माझी पहिली खूण म्हणजे त्याच्या खालून झाडू फिरतो. सोफा पायांवर, कपाट पायांवर, टीव्हीसुद्धा पायांवर. खालची फरशी भिंतीपर्यंत सलग दिसते आणि छोटी खोलीही मोकळी वाटते. एरो सारिनन या अमेरिकन डिझायनरला तर टेबलाखाली गर्दी करणारे चार-चार पायही नको होते, म्हणून १९५७ च्या सुमारास त्याने एकाच खांबावर उभी असलेली ट्युलिप खुर्ची आणि टेबल आणलं.

तुमच्याकडे आत्ता जे ठोकळ्यासारखं बुटकं कपाट आहे ना, त्याला पाय लावता येतात आणि मला विचाराल तर सगळ्या उद्योगात सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. तिरके निमुळते लाकडी पाय तयार मिळतात, सोबत धातूची प्लेट येते. कसं करायचं ते नीट सांगते कारण यात मी दोनदा चुकलेय.

कपाट रिकामं करून जुन्या चादरीवर उलटं करा. तळाची फळी किती जाड आहे ते मोजा आणि स्क्रू त्यापेक्षा ३-४ मिलिमीटर आखूडच घ्या, नाहीतर आतल्या कप्प्यात टोक बाहेर येतं आणि पहिला हात घालणाऱ्याला समजतं. तळ नुसत्या पातळ हार्डबोर्डचा असेल तर आधी आतून किंवा खालून जाड लाकडी पट्टी मारा, प्लेट तिच्यावर बसवा. प्लेट दोन प्रकारच्या असतात, सरळ आणि तिरकी. तिरकी घेतली तर चारही पाय कोपऱ्यांच्या दिशेने, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही कडांशी ४५ अंशात बाहेर झुकले पाहिजेत. मी पहिल्या वेळी चारही एकाच दिशेला झुकवले आणि कपाट चालायला निघाल्यासारखं दिसायला लागलं. प्लेट कडेपासून ४-५ सेंटीमीटर आत, चार स्क्रू, आधी बारीक ड्रिलने भोक पाडून. पाय हाताने फिरवून घट्ट करा. पायांची उंची १५ ते २० सेंटीमीटर पुरते, त्याच्यावर गेलं की कपाट स्टुलावर चढल्यासारखं दिसतं.

आणि कपाट १२० सेंटीमीटरपेक्षा लांब असेल तर मधोमध पाचवा पाय, सरळ प्लेटवर, थोडा मागच्या बाजूला. समोरून दिसत नाही पण तळ पोटासारखा खाली येत नाही. विशेषतः आत रेकॉर्ड ठेवणार असाल तर, कारण शंभर एलपी (मोठ्या रेकॉर्ड) म्हणजे वजन वीस किलोच्या पुढेच जातं.

पायरी ३: दिवे

छतावरची ट्यूब बंद करा. झालं, अर्धी पायरी संपली. खरंच, आज रात्री एवढंच करून बघा, ट्यूब बंद आणि कोपऱ्यात एक टेबललॅम्प.

छतावरून येणारा पांढरा प्रकाश सगळीकडे सारखा पडतो आणि खोलीचा आकारच पुसून टाकतो. जुन्या फोटोंतली ऊब येते ती तीन-चार ठिकाणच्या छोट्या उजेडातून आणि मधल्या अंधारातून. म्हणून एका कोपऱ्याला दोन-तीन दिवे ठेवा, वेगवेगळ्या उंचीवर, पण एकही बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या फार वर नको. जेवणाच्या टेबलावर लटकवायचा असेल तर शेडची खालची कड टेबलापासून ६५-७५ सेंटीमीटरवर आणा. पहिल्यांदा लावताना हे फारच खाली वाटतं, डोकं आपटेल असं वाटतं, पण खाली टेबल आहे, तिथे कोणी चालत जात नाही.

पॉल हेनिंगसेन या डॅनिश माणसाने आयुष्यभर एकच गोष्ट धरून ठेवली होती की बल्ब डोळ्यांत जाता कामा नये. त्याचा १९५८ चा पीएच ५ दिवा कुठूनही बघा, आतला बल्ब दिसत नाही, दिसतो तो पत्र्याच्या तबकड्यांवरून परतून आलेला उजेड. ही कसोटी कुठल्याही शेडला लावा. सोफ्यावर बसा, खुर्चीवर बसा, बल्ब थेट दिसला की शेड बदला किंवा खाली करा.

बल्ब घेताना खोक्यावर २७०० केल्व्हिन लिहिलेलं बघा (हा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर). नुसतं 'वॉर्म' लिहिलेलं पुरत नाही कारण ३००० ला पण वॉर्मच म्हणतात आणि तो थोडा फटफटीत असतो. सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा त्यावर असेल तर लाकडाचा आणि कापडाचा रंग मरत नाही. एकाच कोपऱ्यात वेगवेगळ्या केल्व्हिनचे बल्ब तर अजिबात नको.

आणि स्वस्तात अस्सल काही हवं असेल तर कागदी कंदील. हे मी मनाची समजूत म्हणून नाही सांगत आहे. इसामू नोगुची या जपानी-अमेरिकन शिल्पकाराने १९५१ पासून जपानमधल्या गिफू शहराच्या कंदील बनवणाऱ्यांबरोबर 'अकारी' नावाचे दिवे करायला सुरुवात केली, बांबूच्या काड्या आणि वाशी हा जपानी कागद, आणि त्या काळातल्या मॉडर्न घरांत ते खरोखर लटकत होते. साधा गोल पांढरा कागदी शेड, ४५-५० सेंटीमीटर व्यासाचा, आत एलईडी (जुना तापणारा बल्ब कागदात नको), आणि टांगायचा खाली, कोपऱ्यात, खुर्चीच्या बाजूला. छताच्या मधोमध टांगला की हॉस्टेल.

पायरी ४: आता खरेदी, तीही जुन्यातली

सगळं नवीन घेऊ नका. हुबेहूब नक्कल खुर्च्यांची रांग लावण्यापेक्षा कोणाच्या तरी घरातून निघालेली एक निनावी पण प्रामाणिक खुर्ची बरी. जुनं घेताना मी एवढं बघते.

खुर्ची घेतली की आधी उलटी करते. सांधे हलतात का ते बघते. थोडे हलत असतील तर काही नाही, सुतार उघडून परत चिकटवून देतो. पण सांध्यात कोणी खिळे ठोकलेले असतील तर तो सांधा नीट उघडतच नाही, अशी खुर्ची मी सोडते. मग लाकडात बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा आहे का ते बघायचं, असेल तर कीड अजून आत जिवंत असू शकते, ती घरातल्या बाकीच्या लाकडालाही लागू शकते. त्या काळातल्या बऱ्याच युरोपियन आरामखुर्च्यांत कुशनखाली रबरी पट्ट्या असतात, त्या वाळून तडकलेल्या असणारच, त्याने घाबरू नका, नवीन ताणून बसवता येतात. फोम दाबल्यावर पिवळी भुकटी पडत असेल तर तो फेकायचाच आहे असं समजून भाव करा. कुबट वास मात्र हट्टी असतो. ड्रॉवर काढून चार-पाच दिवस हवेशीर सावलीत, मग आत वाटीभर खाण्याचा सोडा, आणि तरी गेला नाही तर आतल्या कच्च्या लाकडावर शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) एक हात.

उंची मोजायला टेप घेऊन जा. आरामखुर्चीची सीट साधारण ३८-४२ सेंटीमीटर, आणि समोरचं टेबल तेवढंच किंवा दोन-चार सेंटीमीटर खाली. टेबल सीटपेक्षा वर गेलं की सगळा मामला ऑफिसच्या वेटिंग रूमसारखा होतो.

पायरी ५: पॉलिश, आणि माझं रडगाणं

सागवानी दिसणारं बुटकं कपाट मिळालं, वर पेल्यांचे पांढरे गोल डाग होते. मी उत्साहात ८० नंबरचा, म्हणजे चांगलाच खरखरीत, पॉलिश पेपर मशीनला लावला आणि फिरवला. एक मिनिट छान लाकूड निघालं, मग एकदम कडेला तळहाताएवढा फिकट, बिनरेषांचा चट्टा. ते व्हिनियर होतं. वरचा सागाचा पापुद्रा जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा, खाली दुसरंच स्वस्त लाकूड, आणि मी पापुद्रा खाऊन आरपार गेले होते. आता त्या चट्ट्यावर कायम एक फुलदाणी असते, घरी येणाऱ्या कोणालाही ती उचलायची परवानगी नाही.

तर आधी कड बघा. वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरत असतील तर भरीव लाकूड, कडेशी अचानक तुटत असतील किंवा वेगळी पट्टी असेल तर व्हिनियर. व्हिनियर म्हणजे हलका माल असं अजिबात नाही, तेव्हाची उत्तमोत्तम कपाटं व्हिनियरची आहेत, फक्त त्यावर मशीन चालवायचं नाही. हाताने, २४० किंवा त्याहून बारीक पेपर, रेषांच्या दिशेने, आणि कडेपाशी हात हलका.

बऱ्याचदा घासायची गरजही नसते. कोमट पाण्यात दोन थेंब सौम्य साबण, घट्ट पिळलेलं फडकं, लगेच कोरडं. मग पाण्याचा एक थेंब न दिसणाऱ्या जागी टाकून पाच मिनिटं थांबा. थेंब तसाच मण्यासारखा राहिला तर वर लॅकर (वार्निशसारखा कडक थर) आहे, फक्त मेण लावा. आत मुरून लाकूड गडद झालं तर ते तेलाचं फिनिश आहे किंवा फिनिश उरलेलंच नाही, तिथे टीक ऑइल किंवा डॅनिश ऑइलचा पातळ हात द्या, वीस मिनिटांनी सगळं जास्तीचं पुसून काढा, दुसऱ्या दिवशी परत एकदा. पांढरा गोल डाग म्हणजे ओल फिनिशमध्येच अडकलीय, तो बहुतेकदा जातो. काळा डाग म्हणजे लाकडापर्यंत पोचलीय, त्याच्याशी मैत्री करा.

आणि हे मोठ्या अक्षरात वाचा: तेल पुसलेली फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. जवसाच्या तेलासारखी वाळणारी तेलं हवेशी संयोग पावताना तापतात आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पायरी ६: भिंत, कापड, झाड

इथे थोडक्यात. भिंती साध्या, किंचित पिवळसर पांढऱ्या. फार तर एक भिंत रंगीत. सोफ्यावर खरखरीत विणीचं एकरंगी कापड, चकाकणारं मखमल नको. नक्षी पडद्यावर किंवा एका उशीवर, दोन्हीकडे नको. लुसिएन डे या ब्रिटिश डिझायनरने १९५१ च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन या प्रदर्शनासाठी कॅलिक्स नावाचं कापड केलं होतं, बारीक देठांवर कपासारखे आकार, तशा जातीची नक्षी शोधा, फुलाफुलांची नाही. पडदे छतापासून जमिनीपर्यंत. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटीमीटर, सोफ्याच्या वर असेल तर पाठीपासून फक्त १५-२० सेंटीमीटर वर. झाड एकच पण मोठं, रबर प्लँट किंवा मॉन्स्टेरा.

स्पुटनिकवाले काटेरी झुंबर, ग्रहगोलांची घड्याळं, हे सगळं त्या काळच्या अवकाशवेडाशी जोडलं जातं, स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये वर गेला. यातलं एक काहीतरी ठेवा. माझं घड्याळ आहेच अजून, पण आता ते बुटक्या कपाटाच्या वर, एका बाजूला आहे.

पायरी ७: आवाज

रेडिओ नाहीतर रेकॉर्ड प्लेअर, यातलं एक तरी हवंच. जुना व्हॉल्व्हचा (आत काचेच्या नळ्या असलेला) रेडिओ मिळाला तर लगेच प्लग लावून बघायचा मोह होतो, तो आवरा. आतले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) कित्येक वर्षांत वाळलेले असतात, धूर निघू शकतो, आणि काही सेटमध्ये आतला पत्रा थेट मेन्सला जोडलेला असतो, म्हणजे हात लावला की शॉक. जाणकाराकडून तपासून घ्या. चालू करायचाच नसेल तर आतलं काही उपटू नका, मागे एक छोटा ब्लूटूथ स्पीकर ठेवा, आवाज जाळीच्या आसपासूनच येतो आणि रेडिओ शाबूत राहतो.

रेकॉर्ड प्लेअरचं असं आहे की एलपी १९४८ ला आली आणि ४५ आरपीएमची (मिनिटाला ४५ फेरे घेणारी) छोटी तबकडी १९४९ ला, त्याआधीच्या ७८ च्या जाड रेकॉर्डना वेगळी, रुंद टोकाची सुई लागते. सुटकेसमधला जुना प्लेअर कोपऱ्यात देखणा दिसतो पण त्याचा सुई धरणारा हात बऱ्याचदा जड असतो, आवडत्या रेकॉर्डवर तो चालवू नका.

काय आणायचं नाही, किंवा आणलं तरी वापरायचं नाही

जुना दिवा आणला की वायर, होल्डर, प्लग तिन्ही बदलायचे, चालत असला तरी. जुना रंग खरवडायचा नाही, त्यात शिसं असू शकतं, अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८ ला. जुन्या विनाइल फरशा उचकटायच्या नाहीत, त्यांत अॅस्बेस्टॉस असतो कित्येकदा, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. अंधारात चमकणाऱ्या काट्यांची जुनी घड्याळं रेडियमच्या (किरणोत्सर्गी धातूच्या) रंगाची असू शकतात, रंगाची चमक गेली तरी रेडियम तिथेच असतं, काच उघडू नका. जुनी रंगीत चिनी मातीची भांडी शोभेला ठेवा, खायला नको. आणि जुना पाळणा बाळासाठी कधीच नको, गजांमधलं अंतर आणि रंग दोन्हीची खात्री नसते.

पायरी ८: फोटो काढा

सगळं लावून झालं की संध्याकाळी दिवे लावा, समोरच्या खुर्चीवर बसा, फोन छातीच्या उंचीवर धरा आणि ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. रंग गेले की घोटाळे बरोब्बर उघडे पडतात. टीव्हीचा काळा चौकोन (त्याला बुटक्या कपाटावर एका बाजूला सरकवा, मधोमध नको), चार्जरच्या वायरी, प्लॅस्टिकचा रिमोट, खूप उंच लागलेलं चित्र. एकेक दुरुस्त करत परत फोटो. माझे अकरा फोटो झालेत आणि दहाव्यापर्यंत मी खुश होते, अकराव्यात रेडिओच्या मागून राउटरचे दोन अँटेना सशाच्या कानासारखे वर आलेले दिसले. तो खाली ठेवला तर आतल्या खोलीत रेंज येत नाही, म्हणून सध्या फोटो काढायचा असेल तेव्हा मी त्याच्यापुढे रबर प्लँट सरकवते.